गुहेतल्या अस्वलांच्या हाडांचा अर्थ लावताना या चुका टाळा

ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतात मिक्सनित्स गावाच्या वर, डोंगरात, प्रचंड तोंडाची एक गुहा आहे. नाव ड्रॅगनची गुहा. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रियात खताची मारामार होती आणि या गुहेतला गाळ फॉस्फेटने भरलेला आहे हे लक्षात आलं. मग १९२० ते १९२३ या काळात तो गाळ खाणीतून काढावा तसा उपसला आणि खत म्हणून शेतांत गेला. गाळात फॉस्फेट आलं कुठून? काही वटवाघळांच्या विष्ठेतून, पण बरंचसं हाडांतून. ही हाडं गुहाअस्वलाची, म्हणजे साधारण २४-२५ हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या एका दांडग्या अस्वलाची. किती अस्वलं? तेव्हाच्या अभ्यासकांचा अंदाज ३०,००० च्या घरात जातो.

शिबिरात मुलांना हा आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “बापरे, एवढी अस्वलं एकदम कशी मेली?” मुलं जाऊ द्या, त्यांचे आईवडीलही हेच विचारतात. मग कुणी पूर म्हणतं, कुणी भूकंप, कुणी विषारी वायू. एका काकांनी तर उल्कापात सांगून टाकला होता.

गेली काही वर्षं मी हा विषय लोकांना समजावून सांगतोय. त्यात होणाऱ्या चुका त्याच त्याच असतात. काही माझ्याही झाल्या आहेत, त्या खाली येतीलच.

“एकदम” हा शब्द आधी खोडा

हिशेब करून बघू. समजा, मिक्सनित्सच्या गुहेत अस्वलं ५०,००० वर्षं येत-जात होती. ३०,००० अस्वलं भागिले ५०,००० वर्षं. म्हणजे पाच वर्षांत तीन अस्वलं. बस. हिवाळ्यात दहा-बारा अस्वलं मुक्कामाला येत असतील, त्यातलं एखादं वसंतात उठत नसेल, एखाद्या वर्षी सगळीच धडधाकट बाहेर पडत असतील. या गतीनेही ३०,००० चा ढीग होतो. काळ निम्मा धरलात तरी वर्षाला साधारण एकच अस्वल पडतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पाचशे वस्तीच्या गावात वर्षाला चार माणसं गेली, तर तीनशे वर्षांत बाराशे होतात. तीनशे वर्षांची सगळी राख एका जागी पडून राहिली असती, तर नवखा माणूस म्हणाला असता की इथे पटकी आली होती.

गुहेत ती “राख” पडून राहते, मेख इथे आहे. रानात मेलेल्या जनावराचं हाड किती दिवस टिकतं? ऊन त्याला तडे पाडतं, पाऊस झिजवतो, पालापाचोळ्यातलं आम्ल खातं, उरलंसुरलं कुरतडणारे नेतात. काही वर्षांत काही उरत नाही. चुनखडीच्या गुहेत खोलवर ऊन नाही, तापमान बारा महिने जवळपास सारखं, आणि चुन्यामुळे माती आम्लधर्मी होत नाही. वर गाळ बसला की हाड बंदिस्त. रानात कदाचित शंभरपट अस्वलं मेली असतील, पण त्यांची नोंद कुठेच राहिली नाही. म्हणून गुहेतली हाडं बघून “अस्वलं गुहेतच मरायची” असं म्हणणं म्हणजे फक्त बँकेचं पासबुक बघून “या माणसाने रोखीने कधी काही घेतलंच नाही” म्हणण्यासारखं.

आपलं अस्वल आणि आपली गुहा तिकडे नेऊ नका

ही चूक मराठी वाचकाची खास आहे, आणि साहजिकही आहे. आपल्या डोळ्यांसमोर अस्वल म्हणजे मेळघाटातलं किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडचं काळं, केसाळ, वारुळं उकरणारं, मोहाच्या फुलांखाली घुटमळणारं. ते शीतनिद्रा घेत नाही. त्याला गरजच नाही, कारण आपल्याकडे असा हिवाळा नाही की सहा महिने खायला काहीच मिळू नये. मादी पिलांसाठी कपारीत किंवा बिळात राहते, पण म्हणून अख्खा हंगाम पन्नास अस्वलं एका गुहेत झोपलीत, असं चित्र आपल्याकडे नसतंच.

गुहा म्हटलं की आपल्याला आठवतं लेणं. अजिंठा, कार्ले, भाजे. ती माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरलेली. नैसर्गिक म्हणाल तर सह्याद्रीत कपारी आहेत, कड्याखालचे आडोसे आहेत, पण पाण्याने विरघळून तयार झालेली, किलोमीटरभर आत जाणारी चुनखडीची गुहा दख्खनच्या काळ्या पाषाणात होत नाही. भारतात तसल्या गुहा बघायच्या तर मेघालयात जा, छत्तीसगडच्या कुटुमसरला जा, नाहीतर आंध्रात. आंध्रातल्या कर्नूल भागात बिल्लासुरगमच्या गुहा आहेत. तिथे १८८० च्या दशकात भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी उत्खनन केलं आणि प्राण्यांची भरपूर हाडं काढली. पण युरोपातल्यासारखा, जवळजवळ सगळा एकाच जातीच्या अस्वलांचा ढीग ही तिकडचीच गोष्ट आहे. त्यासाठी लांबलचक हिवाळा लागतो, खोल गुहा लागते आणि झोपणारं अस्वल लागतं.

“गुहाअस्वल” या नावावर जाऊ नका

१७९४ मध्ये योहान ख्रिश्चन रोझेनम्यूलर याने जर्मनीतल्या फ्रँकोनियामधल्या एका गुहेतली कवटी अभ्यासून या प्राण्याला ‘उर्सस स्पेलिअस’ हे नाव दिलं. अर्थ सरळ, गुहेतलं अस्वल. तिथून लोकांचा समज झाला की हा प्राणी गुहेतच राहायचा, आतच शिकार आणून खायचा, वाघाच्या गुहेच्या गोष्टीतल्यासारखा.

प्रत्यक्षात वर्षातला चांगला काळ तो बाहेर चरत असायचा. चरत हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्याच्या दाढा रुंद, सपाट, वरून उंचसखल, म्हणजे पाटा-वरवंट्याचं काम करणाऱ्या. हाडांतल्या नायट्रोजनच्या हलक्या आणि जड अणूंच्या परस्पर प्रमाणावरूनही बऱ्याच ठिकाणी हेच दिसतं की याचा आहार मुख्यतः वनस्पतींचा होता. गुहेत तो यायचा झोपायला.

आता ही झोप काय असते ते बघा, कारण सगळा ढीग याच झोपेतून तयार झालाय. आजचं तपकिरी अस्वल शरद ऋतूत अंगावर चरबीचा थर चढवतं आणि मग महिनोन्‌महिने काही खात नाही, पीत नाही, मलमूत्रही टाकत नाही. सगळा खर्च साठवलेल्या चरबीतून. शरद ऋतू वाईट गेला, फळं-कंद कमी मिळाले, तर साठा वसंताआधीच संपतो. त्यातच ऐन हिवाळ्यात मादी पिलं घालते. पिलू अर्धा किलोच्या आसपासचं, आंधळं. आई आटली की पिलू गेलं. पहिला हिवाळा, दुसरा हिवाळा, आणि मग थेट म्हातारपणीचा हिवाळा, ज्या वेळी दाढा मुळापर्यंत झिजलेल्या असतात आणि शरदात पोटभर चावताच आलेलं नसतं. मरण या तीन ठिकाणी टपून बसलेलं असायचं.

म्हणून गुहेतल्या हाडांची वयं मांडली की दोन टोकांना गर्दी आणि मधे तुरळक असं दिसतं. पिलं भरपूर, म्हातारे बरेच, ऐन उमेदीतले कमी. कुणी “इथे मोठी शिकार झाली असणार” म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: वयं काय आहेत? वय दातावरून कळतं. दाताच्या मुळावर दरवर्षी एक थर चढतो, दात पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या वर्तुळांसारखे ते मोजता येतात.

आणखी एक. नर ४००-५०० किलोंचा, मादी जवळपास त्याच्या निम्मी. एका गुहेत मोठे सुळे आणि लहान सुळे असे दोन सरळ गट पडले, की जुन्या काळी काहीजण त्यांच्या दोन जाती करून मोकळे व्हायचे. आधी नर-मादी तपासा.

हाडं मोजली म्हणजे अस्वलं मोजली, असं नाही

देवळाबाहेर चपलांचा ढीग पडलाय. आत किती माणसं आहेत ते कसं सांगाल? सगळ्या चपला मोजून दोनाने भागता येईल, पण काही वाहून गेल्यात, काही कुत्र्याने नेल्यात, एका काकूंची एकच सापडतेय. खात्रीचा उपाय म्हणजे फक्त डाव्या पायाच्या मोजा. किमान तेवढी माणसं तरी नक्की आहेत.

हाडांचंही तसंच. एका अस्वलात दोनशेच्या वर हाडं. समजा एका थरात १,००० हाडं मिळाली. पाच अस्वलं? पण त्यात खालच्या जबड्याचे डावे सुळे ४० निघाले, तर किमान ४० अस्वलं आहेत, प्रत्येकाची थोडी थोडी हाडं उरलेली. उलटही होतं. एकच मांडीचं हाड छताचा दगड पडून तीस तुकडे झालेलं असतं. म्हणून दात हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. दाताचं आवरण शरीरातलं सगळ्यात कठीण, ते टिकतं. बरगड्या आणि पिलांची कोवळी हाडं आधी जातात.

इथे जुन्या संग्रहालयांमधला एक घोळ लक्षात ठेवायचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खोदणाऱ्यांना कवट्या आणि लांब सुळे हवे असायचे. बाकी माल ढिगाऱ्यात. पिलाचा दुधाचा दात ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. गाळ पाण्याने धुऊन पिठाच्या चाळणीसारख्या बारीक जाळीतून काढला नाही, तर तो कुणाच्या हाती लागणार? त्यामुळे कपाटातल्या कवट्या बघून कुणी लिहिलं की “या गुहेत सगळी मोठी, सशक्त अस्वलंच होती”, तर तो निष्कर्ष अस्वलांबद्दलचा नसून खोदणाऱ्याच्या आवडीनिवडीबद्दलचा असतो. आणि मिक्सनित्सचा बराच गाळ तर शेतात गेला. तिथे आता पुन्हा चाळायला तो गाळच नाही. ऑस्ट्रियाने १९२८ मध्ये गुहा जपण्यासाठी कायदा केला, तोवर जायचं ते गेलं होतं.

कुरतडल्याची खूण: माझी फजिती

साताऱ्याकडच्या एका डोंगरात मुलांना घेऊन गेलो होतो. एका कपारीत बारा-पंधरा हाडं पडलेली. शेळीची, एक-दोन गुराची. सगळ्यांच्या कडा खाल्लेल्या. मी लगेच व्याख्यान सुरू केलं: बघा, बिबट्याची जागा आहे, इथे बसून तो निवांत खातो, वगैरे. मुलांचे डोळे मोठे झाले. शेजारी मेंढरं घेऊन उभे असलेले धनगर मामा बराच वेळ गप्प ऐकत होते. मग म्हणाले, “मास्तर, ह्ये बिबट्याचं न्हाई. साळिंदरानं कुरतडलंया.”

त्यांनी हाड उचललं आणि उन्हात तिरकं धरलं. कडेवर शेजारी-शेजारी दोन रुंद, सपाट चर, पटाशीने ओढावेत तसे. पुन्हा त्याच्या बाजूला दोन, पुन्हा दोन. मांसाहारी प्राण्याच्या सुळ्याचा खड्डा गोल असतो, चर पडला तरी आत निमुळता. हे चर कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पुढच्या दातांचे होते. साळिंदर हाडं गोळा करून आणतं, चुन्यासाठी आणि दात घासून आटोक्यात ठेवण्यासाठी कुरतडतं. मामांनी मग पायाने पाचोळा सारला, तर खाली काळा-पांढरा काटा. “आता?” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी कुठल्याही ढिगाकडे बघताना आधी विचारतो: ही हाडं इथे मेलेल्यांची आहेत की इथे आणलेल्यांची? हा फरक ज्याने पहिल्यांदा नीट मांडला तो इंग्रज भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये १८२१ साली किर्कडेलला खाणकामगारांना एक हाडांनी भरलेली गुहा लागली. हत्ती, गेंडा, पाणघोडा, तरस. तोवरचं सर्वमान्य उत्तर म्हणजे महाप्रलयाने वाहून आणली. बकलंडने हाडांचे तुकडे पाहिले आणि फिरत्या प्राणी-प्रदर्शनातल्या एका जिवंत तरसाला बैलाच्या नडगीचं हाड खायला घातलं. जे तुकडे उरले ते गुहेतल्या तुकड्यांसारखेच. पुराने काही आणलं नव्हतं. ते तरसांचं घर होतं आणि बाकीचे प्राणी तरसांनी तुकड्या-तुकड्यांनी आत आणले होते.

हा प्रयोग तुम्ही रविवारी करू शकता. मटणाची नळी गल्लीतल्या कुत्र्याला घाला आणि तासाने बघा. दोन्ही टोकं, जिथे हाड आतून जाळीदार आणि मऊ असतं, ती गेलेली. उरतो तो मधला टणक नळा, टोकाला दातेरी, आणि कडेला सुळ्याची एखाद-दोन भोकं. आता तोच नळा दहा हजार वर्षांनी गुहेत सापडला असं समजा. कुणीतरी म्हणणार, बासरी!

खरंच म्हणतात. स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेत १९९५ मध्ये इव्हान तुर्क यांच्या चमूला गुहाअस्वलाच्या पिलाच्या मांडीचं हाड मिळालं, त्यावर ओळीत भोकं. ल्युब्लियानाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते निअँडरथल माणसाची, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका मानवजातीची, बासरी म्हणून मांडलेलं आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ती मांसाहारी प्राण्याच्या दातांची भोकं आहेत, आणि अशी भोकं पडलेली पिलांची हाडं इतर गुहांतही मिळतात. वाद अजून चालू आहे. मला विचाराल तर मी दातांच्या बाजूने झुकतो, पण तुम्ही लिहाल तेव्हा दोन्ही बाजू लिहा. “जगातली पहिली बासरी” असा मथळा देऊन मोकळे होऊ नका.

मांडलेलं दिसतं म्हणजे कुणी मांडलंच, असं नाही

स्वित्झर्लंडमध्ये फॅटिस गावाच्या वर सुमारे २,४०० मीटर उंचीवर ड्राखेनलोख नावाची गुहा आहे. तिथेही ड्रॅगनच. युरोपात जिथे मोठी हाडं सापडली तिथे लोकांनी ड्रॅगन बसवला, नाहीतर हार्त्स पर्वतातल्या गुहेसारखा एकशिंगी घोडा. त्या ‘एकशिंग्या’ची हाडं औषध म्हणून विकलीही जायची.

ड्राखेनलोखला १९१७ ते १९२३ या काळात एमिल बेख्लर यांनी खोदकाम केलं आणि जाहीर केलं की निअँडरथल माणसं अस्वलाची पूजा करत. पुरावा काय? दगडी फरश्यांच्या पेटीत रचलेल्या कवट्या, भिंतीशी ओळीत लावलेल्या कवट्या, आणि एका कवटीच्या गालाच्या कमानीतून ओवलेलं मांडीचं हाड. चित्र असं जबरदस्त की पुढची कित्येक दशकं ते पाठ्यपुस्तकांत आणि कादंबऱ्यांत वावरलं. आजही समाजमाध्यमांवर फिरतं.

मग लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या पेट्यांचे फोटो कुठे आहेत? नाहीत, नंतर काढलेली रेखाटनं आहेत, आणि तीही एकमेकांशी जुळत नाहीत. बाझलचे फ्रेदेरिक-एदुआर कोबी पेशाने डोळ्यांचे डॉक्टर, पण गुहा-अस्वलांचा त्यांचा व्यासंग मोठा. त्यांनी दाखवलं की या सगळ्याला माणूस लागतच नाही. दरवर्षी शरदात नवं अस्वल येतं, झोपायला जमीन उकरून खळगा करतं, आणि जुनी हाडं बाजूला सारतं. खोलीच्या मध्यावर पडलेलं सगळं पायाखाली चिरडलं जातं, भिंतीच्या कडेला गेलेलं वाचतं. म्हणून भिंतीशी कवट्यांची ओळ. छताच्या फरश्या सुटून पडतात, दोन उभ्या राहतात, तिसरी वर आडवी, झाली पेटी. हजारो वर्षांच्या या ढकलाढकलीत एखादं हाड एखाद्या कमानीत शिरणारच. शिवाय पायाखाली घासून घासून हाडांच्या तुटक्या कडा गुळगुळीत होतात. बेख्लर ज्यांना माणसाची हत्यारं म्हणत होते, त्यातली कित्येक अशीच पॉलिश झालेली निघाली.

पण याच्या उलट टोकाला जाणं ही दुसरी चूक, आणि ती हल्ली जास्त दिसते. “माणसाचा अस्वलांशी संबंधच नव्हता” असं ठोकून देतात. फ्रान्समधल्या शोवे गुहेत, जी डिसेंबर १९९४ मध्ये सापडली, एका दगडाच्या ठोकळ्यावर अस्वलाची कवटी ठेवलेली आहे. ती आपोआप वर चढलेली नाही, कुणीतरी ठेवली. का ठेवली ते ती कवटी सांगत नाही. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत अस्वलाच्या मणक्यात गारगोटीच्या हत्याराचं टोक रुतून बसलेलं मिळालं. म्हणजे माणसाने शिकारही केली. फक्त ३०,००० अस्वलांचा ढीग त्या शिकारीने झालेला नाही.

खड्डा आणि घर यांची गल्लत

सगळेच ढीग झोपेतून झालेले नसतात. स्पेनमध्ये बुर्गोसजवळ आतापुएर्का डोंगरात ‘हाडांची विहीर’ म्हणतात तसा सुमारे १३ मीटर खोल उभा कूप आहे. तळाशी दीडशेहून अधिक अस्वलांची हाडं. ही गुहाअस्वलाच्या पूर्वजाची, उर्सस डेनिंगेरीची. सोबत किमान २८ माणसांची हाडं, वय सुमारे ४,३०,००० वर्षं. अशा जागी अंधारात पाय घसरला की वर येणं नाही. खाली कुजणाऱ्या प्राण्याचा वास आणखी प्राण्यांना ओढतो. माणसं तिथे कशी पोहोचली यावर भांडणं आहेतच.

झोपायच्या गुहेत अंगाखाली केलेले खळगे दिसतात, भिंतीवर नख्यांचे ओरखडे दिसतात, पिलं आणि म्हातारे जास्त मिळतात. विहिरीत खळगे नसतात, हाडं एकमेकांत मिसळून तळाशी साचतात, आणि पडणारा कुठल्याही वयाचा असू शकतो. तरसाच्या घरात भलत्याच जातींचे चघळलेले तुकडे असतात. बहुतेक जागी तिन्हींची थोडी थोडी सरमिसळ सापडते, आणि तिथेच डोकं दुखतं.

खालचं ते जुनं, वरचं ते नवं?

हा नियम गुहेत भाबडेपणाने वापरू नका. अस्वलं स्वतः खणतात, कोल्हे-बिज्जू बिळं पाडतात, बर्फ वितळल्यावर चिखलाचा लोंढा आतला माल पुढे ढकलतो. पिलाचा एकच जबडा दोन थरांत अर्धा-अर्धा सापडल्याची उदाहरणं उत्खननात मिळतात. आपल्या उपयोगाची वस्तू म्हणजे पाण्यातून वर साचलेला चुन्याचा कडक साका. तो अखंड असेल तर खालचं हाड त्याहून जुनं हे पक्कं, आणि साक्याचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येतं. हाडाचंच वय काढायची कार्बन-१४ ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांच्या पुढे हात टेकते. तिथे “५०,००० पेक्षा जुनं” असं उत्तर आलं की बातमीत ते “५०,००० वर्षं जुनं” होतं. एका शब्दाचा फरक, पण अर्थ पार बदलतो.

आणि पहिल्या बातमीवर विसंबू नका. २०२० मध्ये सैबेरियाच्या ल्याखोव्स्की बेटावर नाकासकट, मांसासकट गोठलेलं अस्वल मिळालं. जगभर बातमी झाली की गुहाअस्वलाचं अख्खं शरीर सापडलं, वय २२ ते ३९ हजार वर्षं. आपल्या ग्रुपांवरही ते फोटो फिरले होते. पुढे तपासणीत ती निघाली तपकिरी अस्वलाची मादी, वय जेमतेम साडेतीन हजार वर्षं. ही दुसरी बातमी किती जणांनी पुढे पाठवली?

गुहेत प्रत्यक्ष गेलात तर

जर्मनी, ऑस्ट्रिया, रोमानिया, फ्रान्स इथे नोकरी-शिक्षणासाठी गेलेले बरेच मराठी लोक अशा गुहा बघायला जातात. रोमानियातल्या किश्काऊची अस्वलांची गुहा १९७५ मध्ये खाणीतल्या सुरुंगाने उघडी पडली, आता पर्यटकांसाठी आहे. काचेमागे उभा असलेला पूर्ण सांगाडा एकाच अस्वलाचा आहे असं गृहीत धरू नका. असे सांगाडे बहुतेकदा अनेक अस्वलांच्या हाडांतून जुळवलेले असतात. वाटेबाहेर पाय टाकू नका, हाड दिसलं तर उचलू नका, “छोटा तुकडा आहे, कुणाला कळतंय” म्हणून खिशात तर अजिबात नाही. एकतर बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेलं हाड अभ्यासाच्या दृष्टीने निम्मं मेलेलंच. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, जवळच्या संग्रहालयाला कळवा. हाताच्या घामानेही आतल्या डीएनएच्या तपासणीत भेसळ होते.

हाडांच्या नादात भिंत बघायची राहून जाते. अरुंद वळणावर, साधारण आपल्या कमरेच्या ते खांद्याच्या उंचीला, खडबडीत खडकात एखादा गुळगुळीत पट्टा असतो. मार्गदर्शकाने दाखवला नाही तर विचारा. अंधारात भिंतीला अंग घासत आत-बाहेर करणाऱ्या अस्वलांच्या शेकडो पिढ्यांनी तो तुळतुळीत केलेला असतो. टॉर्च समोरून मारला तर दिसत नाही. भिंतीला जवळजवळ समांतर धरा, मग चमकतो.